सेल्फ मारताना बॅटरीचं काय होतं? घरच्या संगणकावर व्होल्टेजचा आलेख

मोटारसायकलचा सेल्फ मारला की बॅटरीचं व्होल्टेज झटकन खाली येतं, क्षणभर तिथेच हेलकावे खातं आणि इंजिन लागलं की वर चढतं. हे सगळं एक-दोन सेकंदांत उरकतं. त्या वेळी मल्टिमीटर लावून बसलात तर आधी १२.६, मग अकराच्या आसपास काहीतरी आणि मग एकदम १४ दिसेल. मधला सगळा प्रकार निसटतो, कारण साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. आणि बॅटरी चांगली की थकलेली, हे कळतं ते नेमकं त्या मधल्या भागावरून. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर घरातला लॅपटॉप आणि पाच-सहा सुटे भाग यांवर हे काम व्यवस्थित होतं.

लॅपटॉपला व्होल्टेज कळत नाही, आकडे कळतात. तेव्हा व्होल्टेजचे आकडे करून देणारं काहीतरी मध्ये लागतं. त्याला एडीसी म्हणतात, म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. तो कुठला घ्यायचा, यात पुष्कळ जण फसतात. आधी बोर्ड विकत घेतात आणि मग त्याला काय जोडावं याचा विचार करतात. क्रम उलटा हवा. जे मोजायचंय ते जास्तीत जास्त किती व्होल्टपर्यंत जातं, शून्याच्या खाली उतरतं का, आणि किती वेगाने बदलतं, हे आधी कागदावर लिहा. शिवाय ज्याचं व्होल्टेज मोजायचं त्याचा घरातल्या वीजजोडणीशी कुठून संबंध येतो का, तेही पाहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर नुकसान केवळ आलेखापुरतं राहत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घरातल्या सॉकेटमधले २३० व्होल्ट या लेखातल्या कुठल्याही जोडणीला लावायचे नाहीत, मोठे रेझिस्टर मध्ये घालूनसुद्धा नाहीत. २३० हा सरासरीच्या जातीचा आकडा आहे. प्रत्यक्ष शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं, आणि लॅपटॉपच्या यूएसबीची ग्राउंड वायर तुमच्या मांडीवरच्या धातूपर्यंत आलेली असते. इन्व्हर्टर किंवा यूपीएसची बॅटरीही, ती १२ व्होल्टची असली तरी, सुरुवातीला नको. काही यूपीएसमध्ये बॅटरी मेन लाइनपासून वेगळी केलेली नसते.

साउंड कार्ड: फुकटचा एडीसी

जवळजवळ प्रत्येक संगणकात एक उत्तम एडीसी आधीच बसवलेला असतो, तो म्हणजे साउंड कार्ड. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वाचनं, तीही १६ बिटांत. पुढे येणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या मानाने हा वेग फारच जास्त. अडचण एवढीच की त्याच्या तोंडाशी कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. त्यामुळे सुमारे २० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे सावकाश बदलणारं काही त्याला दिसतच नाही. बॅटरी लावली तर जोडताना एक टक्क आणि मग सपाट रेघ. चौकोनी लहर दिली तर तिचा माथा उतरता दिसतो. तो दोष लहरीचा नसून त्या कपॅसिटरचा असतो.

पण आवाजाच्या पट्ट्यातलं काहीही पाहायचं असेल तर याच्याइतकं स्वस्त साधन नाही. बागेतल्या सोलर दिव्यातून निघालेला छोटा सेल घ्या, १०० किलोओम आणि १० किलोओम अशा दोन रेझिस्टरांच्या विभाजकातून (जोडणी पुढे आर्डुइनोसाठी दिली आहे तशीच) माइकच्या किंवा लाइन-इनच्या जॅकला जोडा आणि ऑडासिटी हा मोफत प्रोग्राम चालू करून घरातला एलईडी बल्ब त्याच्यासमोर धरा. बऱ्याच बल्बांच्या उजेडात सेकंदाला १०० वेळा चढउतार दिसतो, कारण ५० हर्ट्झची वीज एका आवर्तनात दोनदा शिखरावर जाते. काही बल्बांचा चढउतार इतका खोल असतो की पाहून तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावरून काढावासा वाटेल. काहींची रेघ जवळजवळ सरळ येते. हे दोन्ही प्रकार एकाच घरात सापडतात.

जॅकवर दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट जोडून ठेवा. म्हणजे ०.६ व्होल्टच्या वर काही आत जाणार नाही. विंडोजमध्ये माइकच्या सेटिंगमधलं ‘एन्हान्समेंट’, आवाज-स्वच्छता, आपोआप आवाज वाढवणं वगैरे सगळं बंद करा. ही सोय बोलण्यासाठी असते आणि मोजमापाची वाट लावते. आणि ऑडासिटीतल्या उभ्या अक्षावरचे उणे एक ते अधिक एक हे आकडे व्होल्ट नाहीत, हे विसरू नका. ओळखीचं व्होल्टेज देऊन तुम्हीच गुणक काढायचा असतो.

आर्डुइनो आणि त्याच्या मर्यादा

मोटारसायकलच्या बॅटरीसाठी साउंड कार्ड उपयोगाचं नाही, कारण तिथे मुद्दाच डीसीचा आहे. इथे आर्डुइनो उनो पुरतो. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पातला हा बोर्ड आता पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्याच्या चिपमधला एडीसी १० बिटांचा आहे, म्हणजे ० ते ५ व्होल्टचे १,०२४ भाग. एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. एका वाचनाला सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे चिप सेकंदाला नऊ-साडेनऊ हजार वाचनं करू शकते. मात्र ती सगळी लॅपटॉपपर्यंत पोचत नाहीत. बोर्ड लॅपटॉपला आकडे पाठवतो त्या सीरियल जोडणीचा वेग ९,६०० ठेवलात तर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. वेळ, स्वल्पविराम, आकडा आणि ओळीचा शेवट धरून एका नोंदीला बारा-तेरा अक्षरं लागतात, तेव्हा सत्तर-पंचाहत्तर नोंदींवर गाडी अडते. बहुतेक नमुना प्रोग्राम ९,६०० वरच लिहिलेले असतात. तो आकडा १,१५,२०० करा. मग सेकंदाला २०० नोंदी आरामात जातात, आणि सेल्फचा आलेख काढायला तेवढ्या भरपूर झाल्या.

व्होल्टेज आत घेण्यासाठी दोन रेझिस्टरांचा विभाजक लागतो: बॅटरीच्या धन टोकाकडून ३३ किलोओम, तिथून पुढे जमिनीकडे म्हणजे ग्राउंडकडे १० किलोओम, आणि दोन्हींच्या सांध्यावरून ए-शून्य पिनला वायर. व्होल्टेज ४.३ ने भागलं जातं. १२.६ चे २.९३ होतात, १४.४ चे ३.३५, आणि २१ व्होल्टपर्यंत जागा शिल्लक राहते. हेच आकडे का? चिप बनवणाऱ्यांची शिफारस अशी की पिनकडे येणाऱ्या स्रोताचा रेझिस्टन्स १० किलोओमच्या आत असावा. ३३ आणि १० समांतर धरले तर पावणेआठच्या आसपास येतात. बॅटरीतून ओढला जाणारा करंट सुमारे ०.३ मिलिअँपिअर, नगण्य. याऐवजी मेगाओमचे रेझिस्टर लावले तर बॅटरीला तेवढाही भार नाही, पण वाचनं भटकायला लागतात. सांध्यापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५.१ व्होल्टचा झेनर डायोड लावा. गाडीच्या वायरिंगमध्ये टोकदार झटके येतात आणि पिनला ५.५ व्होल्टच्या वर किंवा उणे ०.५ च्या खाली गेलेलं चालत नाही.

३३ किलोओमचा रेझिस्टर ब्रेडबोर्डवर न लावता थेट बॅटरीच्या धन टोकाच्या क्लिपला सोल्डर करा. बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लालबुंद करण्याइतका करंट देते; पण रेझिस्टर मुळाशी असला की पुढची वायर कुठेही चेसिसला टेकली तरी काही बिघडत नाही. शाळेच्या प्रकल्पांत हा रेझिस्टर नेहमी चुकीच्या टोकाला, बोर्डाजवळ बसवलेला दिसतो. चित्रात दोन्ही जोडण्या सारख्याच दिसतात, म्हणून कुणी आक्षेप घेत नाही.

लॅपटॉप चार्जरवरून काढूनच काम करा. तीन पिनांच्या चार्जरमधून यूएसबीची ग्राउंड वायर घरातल्या अर्थिंगला जोडलेली असू शकते, आणि दोन पिनांच्या चार्जरची गळती हाताला मुंग्या आणते. पार्किंगमध्ये लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, गाडी स्वतःच्या बॅटरीवर, मध्ये दुसरं कुणी नाही, ही सगळ्यात निर्धोक स्थिती. डेस्कटॉपवर ही सोय नसते. आधी यूएसबी जोडा, मग गाडीच्या क्लिपा, काढताना उलट.

आधी उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारा

गाडीकडे जाण्याआधी टेबलावर एक चाचणी घ्या. १,००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बोर्डाच्या ५ व्होल्टवर भरा (धन-ऋण टोकं नीट पाहून), वायर काढा आणि १०० किलोओममधून रिकामा होऊ द्या. कपॅसिटरचं धन टोक थेट ए-शून्यला. हिशेबाने १०० सेकंदांनी व्होल्टेज सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर यायला हवं. अशा कपॅसिटरवर छापलेला आकडा २० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो, त्यामुळे ८० किंवा ११५ सेकंद आले तरी घाबरू नका. पण वक्राचा आकार बरोबर हवा: दुसऱ्या तेवढ्याच वेळात पुन्हा ३७ टक्के. तसा आला नाही, मध्येच पायऱ्या दिसल्या, खंड पडला, तर दोष तुमच्या नोंदीत आहे आणि तो इथेच सापडलेला बरा.

बहुतेकदा तो वेळेत सापडतो. प्रोग्राममध्ये ‘डिले ५’ लिहिलं म्हणजे दर पाच मिलिसेकंदांनी नोंद होते, असा समज असतो. होत नाही; पाच मिलिसेकंद थांबणं अधिक वाचायला आणि पाठवायला लागलेला वेळ, असा तो हिशेब आहे. म्हणून चिपच्या घड्याळाकडे पाहून, पुढची वेळ आली की वाचायचं, असं लिहा. आणि प्रत्येक नोंदीसोबत चिपची वेळही पाठवा. लॅपटॉपने शिक्का मारलेली वेळ छोट्या अंतरासाठी भरवशाची नसते, कारण विंडोज यूएसबीवरून आलेला माल गठ्ठ्यांनी उचलतं. दिवसभराच्या नोंदीत मात्र उलटं आहे. उनोच्या बऱ्याच बोर्डांवर चिपला सिरॅमिक रेझोनेटर असतो, क्रिस्टल नाही, आणि तो दिवसाला काही मिनिटं मागेपुढे होऊ शकतो. तिथे लॅपटॉपची वेळ घ्यावी. मी दोन्ही रकाने ठेवतो. जागा लागतेच किती?

आर्डुइनोच्या प्रोग्रामसोबत येणारा सीरियल प्लॉटर पाहायला छान आहे, पण तो काहीही साठवत नाही. खिडकी बंद केली की सगळं गेलं. साठवायचं असेल तर पुटी नावाच्या छोट्या मोफत प्रोग्राममध्ये पोर्ट उघडून ‘लॉग’ चालू करा, फाइलच्या नावाला सीएसव्ही शेपूट द्या. पायथन येत असेल तर पायसीरियलने वाचून फाइलमध्ये लिहायला आणि मॅटप्लॉटलिबने आलेख काढायला वीस ओळी पुरतात. पोर्ट उघडला की उनो पुन्हा सुरू होतो, म्हणून पहिल्या दोन सेकंदांच्या नोंदी टाकून द्या. पहिली ओळ तर अर्धवटच येते. लांब नोंद असेल तर लॅपटॉपची झोप बंद करा आणि दर काही सेकंदांनी फाइल डिस्कवर उतरवा. नाहीतर वीज गेल्यावर नेमका वीज जाण्याचाच भाग फाइलमध्ये नसतो.

तोच बल्ब, वेगळी रेघ

आता त्या सोलर सेलकडे परत जाऊ. त्याचं व्होल्टेज पाचच्या आत आहे याची मल्टिमीटरने खात्री करून तो आर्डुइनोला लावा, दोन टोकांमध्ये १० किलोओमचा रेझिस्टर ठेवा आणि सेकंदाला बरोबर १०० नोंदी घ्या. साउंड कार्डवर जोरात चढउतार दाखवणारा बल्ब इथे जवळजवळ सपाट रेघ देईल, फार तर सावकाश वरखाली सरकणारी. नोंदी ९९ केल्या तर सेकंदाला एक अशी संथ, देखणी लहर दिसेल. ती कुठेही अस्तित्वात नाही. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं तोच हा प्रकार. जे मोजायचं त्याच्या सर्वांत वेगवान भागाच्या दुपटीहून जास्त नोंदी हव्यात हा नियम पुस्तकात असतो. व्यवहारात दहापट घ्या, म्हणजे आलेखाला आकार येतो.

हा दोष नोंद झाल्यावर दुरुस्त होत नाही. कुठल्याही प्रोग्रामने नंतर कितीही गाळलं तरी खोटी लहर खरीच वाटत राहते. म्हणून शंका आली की वेग बदलून पुन्हा नोंद घ्या. खरी लहर जागेवर राहते, खोटीची गती बदलते.

याच ५० हर्ट्झचा दुसरा उपद्रव म्हणजे भिंतीतल्या वायरिंगमधून उघड्या वायरीत शिरणारी गुणगुण. आर्डुइनोची पिन काही न जोडता वाचून पाहा, सुरेख लाटा दिसतील. नवखे लोक त्यांनाच सिग्नल समजतात. सावकाश बदलणारं काही मोजताना, उदाहरणार्थ तापमान, उपाय सोपा आहे: पूर्ण २० मिलिसेकंद सतत वाचत राहा आणि सरासरी हीच एक नोंद धरा. गुणगुणीचं एक संपूर्ण आवर्तन त्यात येतं आणि वरचं-खालचं फिटतं. १५ किंवा २५ मिलिसेकंदांची सरासरी तेवढं काम करत नाही.

पाच व्होल्ट खरंच पाच आहेत का?

आर्डुइनो जे मोजतो ते त्याच्या स्वतःच्या पुरवठ्याच्या तुलनेत. प्रोग्राममध्ये ५ लिहिलेलं असतं, यूएसबीवर प्रत्यक्षात ४.८ असतात. मग १२.६ व्होल्टची बॅटरी १३.१ दाखवते. निम्मी उतरलेली बॅटरी पूर्ण भरलेली वाटायला एवढी चूक पुरे आहे. चिपमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो. तो प्रत्येक चिपचा थोडा वेगळा, पण यूएसबीच्या चढउताराने हलत नाही. विभाजक त्या मानाने बदलून तोच वापरावा, हे माझं मत. एलएम३५ हा तापमापक अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, त्यालाही हाच संदर्भ बरा. पायरी अंशाच्या दहाव्या भागाएवढी लहान होते.

कुठलाही संदर्भ घेतला तरी दोन ठिकाणी मल्टिमीटरशी ताडून घ्या: एकदा ९ व्होल्टच्या सेलवर, एकदा भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. दोन बिंदूंमधून सरळ रेघेचं समीकरण काढा आणि तेच वापरा. रेझिस्टरांची पाच टक्क्यांची चूकही त्यात आपोआप जमेस धरली जाते.

याहून बारीक मोजायचं असेल तर एडीएस१११५ ही १६ बिटांची चिप छोट्या पट्टीवर मिळते. ती सेकंदाला जास्तीत जास्त ८६० वाचनं देते, पण सर्वांत बारीक पट्ट्यात तिची पायरी ८ मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान आहे; के प्रकारचा थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो, तोही वाचता येतो. ईएसपी३२ बोर्ड १२ बिटांचा म्हणून मोहात पडू नका; त्याचा एडीसी दोन्ही टोकांशी वाकडा आहे, आणि त्याला ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी विचाराल तर मी आर्डुइनोऐवजी एक्सपआइज सुचवीन. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने फिनिक्स प्रकल्पात तयार केलेली ही पेटी. तिच्या सतरा क्रमांकाच्या आवृत्तीत दोन इनपुट उणे १६ ते अधिक १६ व्होल्ट घेतात, म्हणजे विभाजकाची कटकट नाही, आणि सॉफ्टवेअर मोफत आहे. घरी एकट्याने खटपट करणाऱ्याला मात्र आर्डुइनोत शिकायला जास्त मिळतं.

आलेख वाचताना

नोंद सुरू करा, दोन सेकंद थांबा, सेल्फ मारा, इंजिन लागल्यावर दहा सेकंद चालू ठेवा. काळी क्लिप चेसिसला नको, बॅटरीच्या ऋण टोकालाच हवी. फाइल एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा आणि ‘लाइन’ आलेख न काढता ‘एक्सवाय स्कॅटर’ काढा. लाइन आलेख प्रत्येक नोंद सारख्या अंतरावर मांडतो आणि वेळेचा रकाना केवळ नावापुरता वापरतो. मध्ये नोंदी गळल्या असतील तर ते कळतही नाही. ‘स्मूथ’ रेघही नको, ती बिंदूंच्या मध्ये नसलेले फुगवटे काढते. एक्सेलमध्ये एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. सेकंदाला १० नोंदी घेतल्या तर ते २९ तासांत भरतं.

आलेखात पहिला खड्डा सर्वांत खोल असतो. मोटर अजून जागची हलली नसते आणि तेव्हाच ती सर्वाधिक करंट ओढते. त्यानंतर लाटा येतात. प्रत्येक लाट म्हणजे पिस्टनने हवा दाबल्याचा एक क्षण. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक दाब, तेव्हा सेकंदाला चार लाटा मोजल्या तर स्टार्टर इंजिनाला मिनिटाला ४८० फेरे देतोय. मग रेघ उसळी घेते आणि साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान स्थिरावते. तेराच्याही खाली राहिली तर बॅटरीला दोष देण्याआधी चार्जिंगचा रेग्युलेटर तपासून घ्या.

पहिला खड्डा क्षणभर खोल गेला तर फारसं बिघडत नाही. पण लाटांचा पट्टाच साडेनऊ व्होल्टच्या खाली रेंगाळत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा थकलेली. आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा आलेख काढा. तरीही तसाच आला तर ती बदलायला झाली. इथे एक चाचणी गॅरेजमध्ये सहसा कुणी करत नाही: एकदा क्लिप बॅटरीच्या शिशाच्या टोकावर लावा, एकदा त्याच टोकावर आवळलेल्या वायरच्या लगवर. दोन्ही आलेखांतले खड्डे सारखे यायला हवेत. लगवरचा खड्डा अर्धा-पाऊण व्होल्टने जास्त खोल असेल तर मधला सांधा गंजलेला आहे, आणि नव्या बॅटरीचे पैसे वाचवायला सँडपेपरचा तुकडा पुरतो.

फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घाला, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. पहिल्या दोन ओळींत रेझिस्टरांचे आकडे, संदर्भ व्होल्टेज, क्लिपा कुठे होत्या, इंजिन थंड होतं की गरम, एवढं लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नुसत्या आकड्यांवरून यातलं काहीच आठवत नाही. बॅटरी नवी बसवली की पहिल्याच आठवड्यात, सकाळी थंड इंजिनावर एक नोंद घेऊन ठेवा. पुढच्या हिवाळ्यात सेल्फ कुरकुरायला लागला की तीच नोंद पुन्हा घ्या, दोन्ही रेघा एकाच आलेखावर वेगवेगळ्या रंगांत काढा आणि मगच दुकानात जा.